टेबल उंबऱ्याबाहेर

मी बावीस वर्षं क्लाउबाउफ आहे. वर्षातले तीन दिवस. बाकी वेळ पोस्टमन. सैतानाचा शिंगांचा लाकडी मुखवटा, मेंढीची कातडी, कमरेला जड घंटा. आमच्या बर्फाळ खोऱ्यात डिसेंबरच्या सुरुवातीला अंधार पडला की आधी संत निकोलसचं सोंग घेतलेला घरात जातो, पोरांना सफरचंदं आणि अक्रोड वाटतो. तो बाहेर आला की आम्ही शिरतो. आमचं काम एकच, जेवणाचं टेबल ओढून घराबाहेर काढायचं. घरच्यांचं काम, ते जाऊ न देणं. क्लाउबाउफने बोलायचं नाही, फक्त गुरगुरायचं. आमचे आजे-पणजे हेच करत आले, आणि दर दोन-तीन वर्षांनी कुणाची तरी बरगडी मोडत आली.

गेल्या वर्षी ती म्हाताऱ्या शाळामास्तरांची मोडली. म्हणून यंदा आमच्या टोळीचा म्होरक्या आल्बान याने नियम काढला. ज्या घरात पंचाहत्तरीच्या पुढचं माणूस असेल, तिथे टेबलाला हात लावायचा नाही. दारात घंटा वाजवायच्या आणि निघायचं. आल्बान विम्याचं काम करतो. त्याने नियम छापला आणि पाकिटात घालून घरोघर पाठवला. म्हणजे वाटला मीच.

नॉटबुर्गामावशींनी पाकीट माझ्यासमोरच फोडलं. वय ब्याऐंशी. नवरा व्हिन्झेंझ मार्चमध्ये गेलेला. त्यांचं टेबल गेल्या एकतीस वर्षांत जागचं हललं नव्हतं. आख्ख्या खोऱ्यात असं दुसरं टेबल नाही.

"कास्सियान, हे काय?"

"नियम आहे, मावशी."

"दारात घंटा वाजवून जायला तुम्ही क्लाउबाउफ आहात की बकऱ्या?"

त्याच संध्याकाळी मावशी अग्निशमन दलाच्या खोलीत आल्या. आम्ही घंटांच्या पट्ट्यांना तेल लावत बसलो होतो.

"तुमच्या वयाचा विचार करूनच, मावशी..." आल्बानने सुरुवात केली.

"माझं वय तू मला नको सांगूस. सात वर्षांचा होतास तेव्हा क्लाउबाउफ आले की माझ्या भिंतीएवढ्या शेगडीमागे लपायचास. तुझी चड्डी मी वाळत घातलीय."

आम्ही तेल लावत राहिलो.

"पण टेबल धरणार कोण? तुम्ही एकट्या."

"ते माझं मी बघते."

आपल्या जबाबदारीवर, असं लिहून आल्बानने त्यांची सही घेतली.

पाच तारखेला आम्ही आत शिरलो, तर टेबलामागे बाकावर चौघी बसलेल्या. नॉटबुर्गामावशी आणि चर्चमध्ये गाणाऱ्या तिघी. चौघींचं वय मिळून तीनशेच्या वर. फिलोमेनाचा खुबा तर नवा बसवलेला.

आम्ही टेबल धरलं. ओढलं म्हणणं खोटं होईल. कुरवाळलं. तेवढ्यात फिलोमेना कण्हली आणि मुखवट्याआडून आल्बानचा आवाज आला, "लागलं का हो कुठे?"

क्लाउबाउफ बोलला होता.

"सैतान असून तब्येत विचारतोस?" मावशी म्हणाल्या. "ऐकलंस, फिलोमेना?"

"ऐकलं. पुढच्या वर्षी गोळ्या घेऊन येईल."

आणि तिने त्याचं शिंग धरून असा हिसका दिला की मुखवटा फिरून आल्बानला कानाच्या भोकातून बघायची वेळ आली.

मग मात्र आम्ही ओढलं. बाक उलटला. दोघींचे हात सुटले, मग फिलोमेनाचा. मावशींनी सोडलं नाही. हातांनी जमेना तेव्हा त्या सरळ टेबलावर चढून बसल्या. आम्ही टेबल त्यांच्यासकट उंबऱ्याबाहेर नेलं आणि अंगणात बर्फात ठेवलं. शेजारपाजारचे टाळ्या वाजवत होते.

मावशी हसत होत्या. मग हसेनाशा झाल्या. एप्रनचं टोक तोंडाला लावून बसून राहिल्या. आम्ही आठ सैतान भोवती उभे. अशा वेळी काय करायचं ते छापलेल्या नियमात नव्हतं.

"तार मीच कापली," त्या म्हणाल्या.

"कसली तार?" मी विचारलं. मीही बोललोच.

"टेबलाच्या पायाला. बाकाखालून शेगडीपर्यंत. व्हिन्झेंझ दर वर्षी चार तारखेला बांधायचा, सातला सोडायचा."

माझा उजवा खांदा त्या टेबलापायी अजून पुरता वर जात नाही. आल्बानने मुखवटा काढला.

"एकतीस वर्षं? माझे वडील मरेपर्यंत म्हणत होते, आपण कमी पडलो."

"पडलेच होते. तार नसती तरी त्यांच्याने निघालं नसतं."

"मग यंदा का कापली?"

"काल तीच बांधायला वाकले आणि कापूनच टाकली. म्हटलं, दोन्ही वेळा एकटीच जेवते त्याच्यावर. कुणासाठी अडवून धरू? जाऊ दे एकदा."

"मग एवढ्या झोंबलात कशाला?"

"म्हणजे? फुकट देऊ?"

आम्ही टेबल परत आत आणलं. जुन्या जागी ठेवू लागलो, तर मावशी म्हणाल्या, "तिथे नको." मग खिडकीपाशी लावलं. सगळ्यांनी मुखवटे काढले. त्यांनी धुरी दिलेलं डुकराचं मांस, काळा पाव आणि श्नाप्सच्या कडक दारूचा एकेक पेला दिला. आल्बानला दोन.

जानेवारीपासून दर बुधवारी चौघी तिथे पत्ते खेळतात. टपाल टाकायला गेलो की खिडकीतून मला फिलोमेनाचे पत्ते दिसतात. मांडीवर नेहमी एक जास्तीचा असतो. मी काही बोलत नाही.