उजव्या घोट्याचा आवाज

सुट्टीवरून परत आल्यावर ओरिएत्ताने पाचवं रीळ लावलं, आणि जिना उतरणारा माणूस तिच्या ओळखीचा राहिला नव्हता.

तिने रीळ मागे घेतलं. पुन्हा ऐकलं. शिंपल्यांनी मढवलेली भिंत, गोल जिना, काळ्या हातमोज्यातला हात कठड्यावर, आणि पावलं. संगीत नाही, संवाद नाही. सव्वादोन मिनिटं नुसती पावलं. स्वच्छ, कोरडी, एकसारखी. कुणाचीही असावीत अशी.

"काचेसारखं केलंय की नाही?" शेजारच्या टेबलावरून सावेरियोने विचारलं. "तू नव्हतीस तेवढ्यात सगळं रीळ धुऊन काढलं. काय तडतड होती त्यात, कढईत मासे तळत असल्यासारखी."

"छान झालंय," ती म्हणाली.

तिबुर्तीना रस्त्यावरच्या त्या इमारतीत एके काळी अर्ध्या रोमच्या फिल्म धुतल्या जायच्या. आता खालचे दोन मजले टायरवाल्याकडे होते आणि तिसऱ्यावर तुल्योची कंपनी. काळे हातमोजे घातलेला खुनी, घाबरलेली सुंदर बाई आणि शेवटच्या रिळात उलटणारं रहस्य, असल्या सत्तरच्या दशकातल्या थरारपटांना ज्याल्लो म्हणत. ते शोधायचे, दुरुस्त करायचे आणि डिस्कवर काढून संग्राहकांना विकायचे, हा इथला धंदा. दोन हजार प्रती, जाड पुठ्ठ्याची पेटी, आत पुस्तिका. या खेपेचा चित्रपट होता 'शिंपल्यांच्या घरातली सावली', एकोणीसशे त्र्याहत्तरचा. पुढच्या शुक्रवारी तो कारखान्यात छापायला जायचा होता.

आणि त्यातली पावलं ओरिएत्ताच्या बाबांची होती.

आल्वारो आवाजवाले होते. तेव्हा कॅमेऱ्याबरोबर आवाज कुणी धरत नसे. बोलणं, दारं, पाऊस, पावलं, सगळं नंतर अंधाऱ्या खोलीत पडद्याकडे बघत भरायचं. बाबा ओली चामडी पिळून गळा कापत, जुनी छत्री फटाफट उघडून वटवाघळं उडवत. खोलीच्या कोपऱ्यात कुठेच न जाणारा बारा पायऱ्यांचा लाकडी जिना होता. त्यावरून त्यांनी नवऱ्या, पोलीस, पाद्री आणि शेकडो खुनी उतरवले. नावं कुठेच लागली नाहीत. आवाजवाल्यांची नावं तेव्हा कुणी लावत नसे.

लहानपणी गच्चीवरून पडल्यामुळे त्यांचा उजवा घोटा मोडला होता आणि नीट जुळला नव्हता. पायरी उतरून त्या पायावर भार आला की हाडातून बारीकसा 'टक' निघे. चढताना नाही, फक्त उतरताना. चौथ्या मजल्यावरच्या त्यांच्या घरात ओरिएत्ताने तो रोज सकाळी अंथरुणातून ऐकला होता. बाबा आले की कळत नसे. गेले की कळे.

कामाच्या पिशवीत ते ताणाची पट्टी ठेवत आणि खोलीत गेल्यावर घोट्याला करकचून बांधत. म्हणून कुठल्याच चित्रपटात तो आवाज नाही. फक्त या एकात, जिना उतरताना, दर उजव्या पावलाला. त्या दिवशी पट्टी का नव्हती, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. चित्रपट टीव्हीवर लागला की ते त्या जिन्याच्या आधी उठून कॉफी करायला जात.

फेब्रुवारीत ते गेले. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. शेवटची तीन वर्षं ते जिना उतरलेच नव्हते.

दोन दिवस ती गप्प राहिली. तिच्या यंत्राच्या वर एक पुठ्ठा टांगलेला होता, तिच्याच अक्षरात, बारा वर्षांपूर्वीचा. 'पहिल्या खेळाला जे होतं ते ठेवायचं. नंतर आलेलं काढायचं. शंका आली तर दुसरी प्रत शोधायची.' नवा माणूस कामाला लागला की ती त्याला आधी हा पुठ्ठा वाचायला लावी. आता त्याच पुठ्ठ्याखाली बसून 'मला माहीत आहे, तो आवाज माझ्या घरचा आहे' असं म्हणणं तिला जमेना. घरचा आहे म्हणून ठेवायचं, हे तिने दुसऱ्या कुणाला चालू दिलं नसतं. आणि खरं सांगायचं तर बाबांना विचारलं असतं तर तेच म्हणाले असते, काढ ते.

तिसऱ्या दिवशी मात्र तिने खुर्ची वळवली.

"सावेरियो, जिन्यावर उजव्या पावलामागे एक टिचकी होती. ती तू काढलीस?"

"यंत्राने काढली. मी हो म्हटलं."

"गेल्या वर्षी यंत्राने त्या मठाच्या चित्रपटातून जपमाळेच्या मण्यांची टिकटिक काढून टाकली होती. तेव्हाही तू हो म्हटलंस."

"किती दिवस तेच काढणार आहेस?" सावेरियो हसला. "एक नन नुसतीच बोटं चोळत बसली, एवढंच झालं. हे वेगळं आहे. निगेटिव्ह तळघरात होती, एक्याऐंशी साली पाणी शिरलं, पाचवं रीळ सगळ्यात खाली. त्यात हजार टिचक्या आहेत. ही पहिल्या दिवसापासून होती कशावरून?"

"बरोबर दर दुसऱ्या पावलाला आहे."

"एखादा दात खराब असलेल्या यंत्रावरून रीळ फिरलं, की ओरखडाही ठरावीक अंतराने पडतो. हे मला तूच शिकवलंस."

शिकवलं होतं खरं. परदेशी आवृत्तीत पावलं दुसऱ्याच कुणाची होती आणि चित्रगृहांत फिरलेल्या प्रती केव्हाच वितळवून झाल्या होत्या. दाखवायला काही नव्हतं.

तुल्यो दारात येऊन उभा होता. हातात मोर्तदेल्ला सॉसेज भरलेला पावाचा तुकडा. "कसली टिचकी? मागच्या डिस्कवर एक राहिली, तर मिलानोच्या त्या गृहस्थाने मला चार पानी पत्र धाडलं. वेळेसकट, सेकंदासकट. या संग्राहकांच्या हाती टिचकी देऊ नकोस, बाई. काढलीय ना? मग देवाचे आभार मान आणि जेवायला चल."

त्याच संध्याकाळी आगाऊ मागणी नोंदवणाऱ्यांना नमुना म्हणून त्याने जिन्याचं दृश्य पाठवून दिलं. सकाळी पंधरा पत्रं आली होती. चौदा जण खूश होते. पंधरावं उदिनेहून, मोरासुत्ती नावाच्या निवृत्त दंतवैद्याचं होतं. हे डॉक्टर जुने गिऱ्हाईक, पुस्तिकेसाठी लेखही तेच लिहीत. तुल्योने पत्र मोठ्याने वाचलं.

"'महोदय, आपल्या नमुन्यातून खुनी गायब आहे. जिना उतरतो तो कुणी विमा एजंट असावा. टक कुठे गेला? सोबत पाठवलेला माझा अकरा पानांचा लेख संपूर्ण त्याच्यावरच आहे.'" तुल्योने चष्मा कपाळावर चढवला. "अकरा पानं. टकवर."

ओरिएत्ताने ती पानं मागून घेतली आणि जेवणाच्या सुट्टीत वाचली. संग्राहकांत या आवाजावरून तीस वर्षं भांडण चालू होतं. एक गट म्हणे, खुनी वकिलाच्या खिशात झाकणाचं घड्याळ आहे. दुसरा म्हणे, लाकडी पाय. डॉक्टरांचं म्हणणं, वकिलाची अंगठी कठड्यावर आपटते, आणि कठडा सुटतो तिथेही आवाज येतो तो दिग्दर्शकाने मुद्दाम ठेवला आहे, अपराधी मनाचा आवाज म्हणून. तळटिपा होत्या, जिन्याचा नकाशा होता. तिने पानं नीट जुळवून ठेवली. इतकी माणसं इतकी वर्षं बाबांच्या घोट्याला कान लावून बसली होती आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

"यांच्याकडे काय आहे?" सावेरियो म्हणाला. "शहाऐंशीची व्हिडिओ टेप. ती याच भिजलेल्या निगेटिव्हवरून निघाली. पुरावा नाही."

"माहीत आहे," ओरिएत्ता म्हणाली, आणि उदिनेला फोन लावला.

"एक्याऐंशीच्या आधीचं काही तुमच्या पाहण्यात आहे का, डॉक्टर?"

डॉक्टर लगेच म्हणाले, "पाहण्यात नाही. ऐकण्यात आहे. पण पोस्टाने देणार नाही."

मंगळवारी ते आले. उंच, वाकलेले, गरम होत असूनही कोट घातलेला. एका हातात अक्रोड भरलेल्या गोड पावाचा, गुबानाचा, खोका, दुसऱ्यात जुना कॅसेट रेकॉर्डर. "तुमची यंत्रं चांगली असतील, पण मी हीच कॅसेट याच रेकॉर्डरवर लावतो," ते म्हणाले. कोटाच्या आतल्या खिशातून त्यांनी रुमालात गुंडाळलेली कॅसेट काढली. "त्र्याहत्तरचा नाताळ. मी चौदा वर्षांचा. एकट्याला आत सोडत नव्हते, म्हणून आजीला घेऊन गेलो. हा रेकॉर्डर कोटाखाली चालू होता."

बटण दाबलं. सुरुवातीला नुसतीच घरघर, मग लांबून येणारे संवाद, खोकला, खुर्ची करकरली. मग तडाक. पुन्हा तडाक.

सावेरियो पुढे झुकला. "हे काय फुटतंय? हे काढता येईल."

"ती आजी," डॉक्टर म्हणाले. "चेस्टनट सोलतेय. हात लावू नका."

तुल्योने हसू दाबायला गुबानाचा तुकडा तोंडात कोंबला. पडद्यावरची बाई कुणाला तरी हाक मारत होती. दार वाजलं. संगीत थांबलं. चेस्टनट थांबले. पाऊल. आणि पाऊल, टक.

अंतरावरून, कोटाच्या कापडातून, पण स्पष्ट. पाऊल. पाऊल, टक. सगळं चित्रगृह गप्प झालं होतं. कुणी खोकत नव्हतं. आणि त्या शांततेत अगदी माइकजवळ एक म्हातारा आवाज उदिनेकडच्या फ्रिउली बोलीत पुटपुटला. सावेरियोला कळलं नाही.

"काय म्हणाल्या?"

"'आला मेला,'" डॉक्टर म्हणाले. "तोवर खुन्याचा चेहरा दिसलेलाही नाही. तिला पायावरूनच कळलं."

ओरिएत्ताने हात टेबलाखाली घेतले होते. ते तिने तिथेच ठेवले. पन्नास वर्षांपूर्वी, सहाशे किलोमीटरवर, एका अनोळखी म्हातारीने चेस्टनट हातात धरून श्वास रोखला होता. बाबा त्या वेळी बहुधा घरी होते, आणि मनात म्हणत होते, वाया घालवलं मी ते काम.

सावेरियोने डोक्यावरचे हेडफोन गळ्यात घेतले आणि पुठ्ठ्याकडे बघितलं. "पहिल्या खेळाला होतं."

"पहिल्याला नाही, तिसऱ्या दिवसाच्या दुपारच्या," डॉक्टरांनी दुरुस्ती केली. "तिकीट आहे माझ्याकडे."

"चालेल," ओरिएत्ता म्हणाली. मग, आवाज शक्य तितका साधा ठेवून, "डॉक्टर, ती अंगठी नाही. घोटा आहे. उजवा. माझ्या वडिलांचा."

तिने चार वाक्यांत सांगितलं. खाली टायरवाल्याच्या दुकानातला हवेचा पंप तेवढा फुसफुसत होता. तुल्यो म्हणाला, "आणि तू आठवडाभर तोंड शिवून बसलीस."

"तेव्हा सांगितलं असतं, तर तू माझ्यासाठी ठेवलं असतंस."

"अर्थात ठेवलं असतं."

"म्हणूनच."

डॉक्टर कॅसेट रुमालात गुंडाळत होते. फार सावकाश. "हाड सरकत असेल की स्नायूची दोरी?" त्यांनी विचारलं.

"दोरी, असं एकदा हाडांच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं."

"हं. दोरीच. हाडाचा आवाज जाड येतो." त्यांनी रुमालाला गाठ मारली. "पट्टी बांधत असत म्हणालात. मग त्या दिवशी का नाही?"

"माहीत नाही. विसरले असतील."

"अकरा पानं लिहिली मी."

"मी वाचली. चांगली आहेत. जिन्याचा नकाशा फार छान आहे."

"आता ती मागे घ्यायला हवीत."

"नका घेऊ," ओरिएत्ता म्हणाली. "तुम्ही जे ऐकलंत ते ऐकलंतच की. ती छापू या. फक्त शेवटच्या पानावर, जिथे नावं येतात, तिथे माझी एक ओळ वाढवा."

सावेरियोने दुपारी एकेक टक मूळ निगेटिव्हवरून उचलून परत जागेवर बसवला. यंत्राला करू दिलं नाही, हातानेच केलं. जिन्याला अडतीस पायऱ्या होत्या, उजवी पावलं एकोणीस. ओरिएत्ता शेजारी बसून मोजत होती. डॉक्टर मागे खुर्चीवर कोट घालूनच बसले होते. गाडी संध्याकाळची होती.

"अकरावा जरा मोठा आहे," सावेरियो म्हणाला. "खाली घेऊ?"

"नको. तिथे ते दमले असतील. बारा पायऱ्यांचाच जिना होता, पुन्हा पुन्हा वर चढून उतरावं लागे."

एकोणीस झाले. त्याने दृश्य पहिल्यापासून लावलं. भिंत, कठडा, हातमोजा. पाऊल. पाऊल, टक. माणूस जिना उतरू लागला आणि ओरिएत्ताला तो कोण ते कळलं. चौथ्या मजल्यावरून सकाळी सातला निघालेला, खांद्याला पिशवी, दुपारच्या जेवणाला परत येणारा.

"आला मेला," शेजारून सावेरियो फ्रिउलीत म्हणायला गेला, आणि मागून डॉक्टरांनी त्याचा उच्चार सुधारला.

शुक्रवारी डिस्क कारखान्यात गेली. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, छायाचित्रण आणि संकलनाच्या खाली, तितक्याच आकाराच्या अक्षरांत, एक ओळ होती. पावलं: आल्वारो चेक्कारेल्ली. अकरा पानांशी ती कुठे जुळते ते कुणी तरी विचारीलच, असं तुल्यो म्हणाला. मिलानोचा तो गृहस्थ तर नक्कीच.

"विचारू दे," ओरिएत्ता म्हणाली आणि उरलेला गुबाना कापायला घेतला.