चमच्याचा खड्डा

मित्रांनो, आधीच नाक धरू नका, शिंक येणार नाही! मी एक जुनी पत्र्याची डबी आहे आणि माझ्या पोटात पॅप्रिका असते. पूड आणि डबी, दोन्ही मीच समजा. गोड लाल मिरच्या वाळवून दळलेली, म्हणून तिखटपणा नावालाच. शिवाय डोळ्यांसाठी लागणारं अ जीवनसत्त्व माझ्याकडून मिळतं. याचा मला थोडा तोरा आहे, असू दे की!

कपडे शिवणाऱ्या एका बाईने मला घरी आणलं. तिचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. सगळे त्यांना घड्याळकाका म्हणत. काका बटाटे परतायला लागले, की मला थेट कडकडीत तेलात ओतायचे आणि मी करपून कडू व्हायचे. मग शिलाई यंत्रावरून बाई ओरडायची, "अहो, आधी भांडं उतरवा, मग घाला! उतरवलं का?" तिच्या हातून पडले, की तेल कसं लालबुंद व्हायचं! बटाटे, अंडी, साधं सूप, सगळ्याला माझा रंग.

एका सकाळी तिने चमचाभर पूड घेऊन झाकण लावलं. त्याच दुपारी ती वारली.

तिच्या चमच्याचा खड्डा पुडीत तसाच राहिला. काकांनी मला खिडकीत ठेवलं. रोज झाकण उघडून ते त्या खड्ड्याकडे बघत बसायचे. जेवण म्हणजे चहा नि पाव. त्यांची गालफडं बसली. मला ओरडून सांगावंसं वाटे, अहो, उजेडाने मी विटतेय, माझा वास उडतोय! पण डबीचं कोण ऐकतं?

एके दिवशी लेक आली. तिने बटाटे परतायला टाकले आणि मला उचललं.

"हात लावू नकोस! तो खड्डा तिचा आहे," काका ओरडले.

"बाबा, वास तरी घेऊन बघा."

त्यांनी घेतला. मी तपकिरी पडले होते, वास मातीसारखा. काकांनी डबीत पुन्हा नाक घातलं.

"रोज बघून बघून मीच घालवलं गं हे."

मग ते शेगडीपाशी गेले. भांडं उतरवलं, स्वतः चमचा घेतला आणि खड्डा मोडला. बटाटे फिकेच झाले, तरी काकांनी ताटली पुसून खाल्ली.

आता माझ्या पोटात नवी पूड आहे आणि मी बंद कपाटात राहते. मित्रांनो, गेलेल्या माणसाची वस्तू जपायची तर वापरून जपा. मला बघत बसू नका, संपवा.

घरात काका एकटेच असतात. तरी तेल तापलं, की शिलाई यंत्र एकदा खटकन वाजतं. काका भांडं खाली घेतात आणि मागे न बघता म्हणतात, "उतरवलं गं."