उसवलेली पंधरा पानं

मित्रांनो, मी एक जुनी फाईल आहे. निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली. माझी मालकीण शिवणकाम करते. अकरा वर्षांपूर्वी तिच्या बोटांचे सांधे सुजले. तिच्या शरीराची प्रतिकारशक्ती तिच्याच सांध्यांवर उठली होती. संधिवाताचा तो पहिला कागद माझ्या पोटात आला. पुढचा प्रत्येक कागद ती दोऱ्याने टाके घालून मला जोडायची. डॉक्टर म्हणायचे, "अशी नीटनेटकी फाईल दुसऱ्या कुणाची नाही!" मी फुशारून जायचे.

मग तिच्या फुप्फुसात कॅन्सरची गाठ निघाली. नव्या डॉक्टरांनी सलाईनमधून द्यायचं औषध सुचवलं, प्रतिकारशक्तीलाच गाठीवर सोडणारं. बाहेर बाकावर एक बाई कुजबुजली, "संधिवात असेल तर हे देत नाहीत हं. परत पाठवतात."

झालं! घरी येऊन मालकिणीने ब्लेड घेतलं, एकेक टाका उसवला आणि संधिवाताची पंधरा पानं अलगद काढून बटणांच्या डब्यात दडवली. अहो, फाडली असती तर डॉक्टरांना फाटकी कड तरी दिसली असती. पण तिने मला त्याच जुन्या भोकांतून पुन्हा शिवलं. पुढच्या भेटीत नव्या डॉक्टरांनी विचारलं, "आधीचा काही आजार?"

"छे, काही नाही," असं म्हणून तिने मलाच पुढे केलं! ज्या टाक्यांचा मला एवढा तोरा, त्यांनीच माझा गळा कापला.

दुसऱ्या सलाईननंतर तिची बोटं, मनगटं, गुडघे टम्म सुजले. कप धरवेना. तिची मुलगी बटण शोधायला गेली आणि पानं तिच्या हाती लागली. ती तशीच दवाखान्यात धावली.

डॉक्टरांनी पंधराही पानं वाचली. "अहो, एवढ्यासाठी मी औषध नाकारलं नसतं. संधिवाताच्या डॉक्टरांना सोबत घेतलं असतं, जपून दिलं असतं. या औषधाने सांधे पुन्हा पेटलेत, आता ते थांबवावं लागेल."

"आणि गाठ?" मुलीने विचारलं.

"आधी सूज उतरू दे. मग बघू."

गाठ काही सूज उतरायची वाट बघत बसणार नाही, हे मलाही कळतं.

मालकिणीच्या बोटांत आता सुई राहत नाही. पानं मुलीनेच जोडली, वेडेवाकडे टाके घालून. मित्रांनो, आम्हा फायलींना हवं तर झाडू नका, पुसू नका, पण आमच्या पोटातलं काढू नका. मला मालकिणीचा राग येतो, खोटं कशाला बोलू? परवा मला मांडीवर घेऊन ती रडली. म्हणाली, "तू तरी बोलायचं होतंस गं."

अगं, माझी जीभ तर तूच बटणांच्या डब्यात ठेवली होतीस.