मीराला नाही म्हटलं त्या वर्षी

जून १९८५. घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीतल्या बालवाडीत पोरांची रडारड चालली होती. रत्नप्रभाबाई नवीन मुलांची नावं लिहून घेत होत्या. कमल आपल्या चार वर्षांच्या मीराला घेऊन पुढे आली.

"हिला ऐकू येत नाही, बाई. पण हुशार आहे. बसू द्या ना पोरांत."

बाईंनी पेन खाली ठेवलं. बाई वाईट नव्हत्या. पण पस्तीस पोरं, एक खोली, वर पालकांची कुरकुर!

"अहो, हिला मी कशी सांभाळू? अशा मुलांची वेगळी शाळा असते, तिकडे न्या."

"ती लांब आहे, बाई. मी कारखान्यात, हिचे बाबा कामावर. रोज कोण नेणार?"

"माझा नाइलाज आहे," म्हणत बाईंनी पुढचं नाव विचारलं.

दिवाळीनंतर एका दुपारी बालवाडीच्या मदतनीस मालनमावशी म्हणाल्या, "बाई, ती मीरा आठवते? जरा माझ्याबरोबर चला."

कमलच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत मीरा एकटीच बसली होती. कमरेला जुन्या साडीचा पट्टा, त्याचं दुसरं टोक पलंगाच्या पायाला बांधलेलं! बाजूच्या ताटलीतल्या भातावर माश्या बसल्या होत्या. दार उघडल्याचं पोरीला कळलंच नाही. बाईंची सावली अंगावर पडली तशी ती दचकली आणि पलंगाखाली शिरली.

"गणपतीत टेम्पोखाली येता येता वाचली," मावशी म्हणाल्या. "हॉर्न कुठला ऐकू येतोय! तेव्हापासून कमल अशीच बांधून कामावर जाते."

"आई आहे की वैरीण!"

"आईला बोल लावू नका, बाई. ती आधी आपल्याच दारात आली होती. आपण घालवली."

"पण बहिऱ्या मुलांना शिकवायचं मला कुठे येतं, मावशी?"

"नवी पोरं रडतात तेव्हा तुमचं एक अक्षर ऐकतात का? हात धरून, खुणा करूनच बसवता ना? हिलाही तसंच बसवा. पोरं पोरांचं बघून शिकतात."

संध्याकाळी कमल परतल्यावर बाई पुन्हा तिच्या खोलीवर गेल्या.

"कमलताई, चुकलं माझं. उद्यापासून मीराला पाठवा."

कमल रडली नाही, हसलीही नाही. "जूनमध्ये ती कोणाकडेही जायची, बाई. आता माणूस दिसलं की लपते."

ते खरंच होतं. पहिले दोन महिने मीरा भिंतीकडे तोंड करून बसली. दोन पालकांनी आपली मुलं काढून नेली. बाईंनी त्यांना अडवलं नाही, पण मीरालाही सोडलं नाही. फेब्रुवारीत एके दिवशी जया नावाच्या पोरीनं तिच्या हातात मातीचा गोळा ठेवला. मीरानं तो घेतला. एवढंच! पण बाईंच्या डोळ्यांना धार लागली.

वाचकहो, अशी एखादी मीरा आपल्याही गल्लीत असेल. तिला आपल्या पोरांत बसवणं हे उपकार नव्हेत, तो तिचा हक्क आहे. तिला नाही म्हणताना आपलं काहीच जात नाही, म्हणून ते सोपं वाटतं. त्या सहा महिन्यांत मीराचं जे गेलं, ते पुढच्या दोन वर्षांतही रत्नप्रभाबाईंना पुरतं भरून काढता आलं नाही.