औषध न दिलेले उंदीर

आमच्या प्रयोगशाळेतल्या सरांची एक खोड आहे. औषध दिलेल्या उंदरांच्या डोळ्यांतल्या पेशी आधी मोजायच्या, न दिलेल्यांच्या नंतर. नंतर म्हणजे कधी, ते विचारायचं नाही. मीही विचारलं नाही, आणि आता स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

माशाच्या डोळ्यातलं दृष्टिपटल दुखावलं तर तिथल्या आधारपेशी पाहणाऱ्या नव्या पेशी तयार करतात. आपल्यासारख्या सस्तन प्राण्यांत त्याच आधारपेशींना शेजारून सतत 'गप्प बसा' असा निरोप जातो, आणि त्या गुमान बसतात. आमचं औषध तो निरोप अडवतं. आधारपेशींना आम्ही आधीच हिरवी खूण लावलेली, म्हणजे पाहणारी पेशी हिरवी दिसली की ती नवी जन्मलेली. औषध दिलेल्या पहिल्याच उंदरांत अशा शेकड्यांनी दिसल्या. त्याच दुपारी मी दादाला फोन केला.

दादाची नजर कडेकडून आत आत जात चालली आहे. तेव्हा तो पांढरी काठी घेऊन चालायच्या शिकवणीला जायचा. माझा फोन आला आणि दुसऱ्या दिवसापासून शिकवणी बंद, काठी कपाटामागे. बहीण घरच्या घरी डोळे पिकवतेय, मला कशाला काठी, असं भेटेल त्याला सांगत सुटला.

काल, आठ महिन्यांनी, मी मोजायच्या राहिलेल्या डोळ्यांचे डबे फ्रीजरमधून काढले. औषधाचा थेंबही न मिळालेल्या उंदरांत हिरव्या पेशी तेवढ्याच निघाल्या. खूण जुन्याच पाहणाऱ्या पेशींत झिरपली होती. नवी एकही जन्मली नव्हती. तीनदा मोजलं मी.

सर म्हणाले, शुक्रवारच्या भाषणात एवढी एक स्लाइड नको, पुढे बघू. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुम्ही वगळा, मी सगळ्यांना पाठवते, असं म्हणून त्यांच्यादेखत ती पाठवून दिली. नोकरी गेली खड्ड्यात.

पण सरांशी भांडणं सोपं होतं. संध्याकाळी दादासमोर बसले आणि सगळं सांगितलं, मधूनमधून स्वतःला शिव्या घालत. वाटलं होतं, खचेल, धीर द्यावा लागेल. त्याने बोटाने टेबलाची कड शोधली आणि कप खाली ठेवला.

"शिकवणीत बजावून सांगायचे, दिसतंय तोवर रस्ते पाठ करा," तो म्हणाला. "तेव्हा मला खांब, पायऱ्या, गल्लीची दोन्ही टोकं दिसत होती. आता समोर बसलेली तू अर्धीच दिसतेस. माझे ते आठ महिने कुठल्या डब्यात ठेवलेस?"

कपाट सरकवून मी काठी काढली. तिच्यावर जळमटं होती. पुसायला गेले तर त्याने हिसकावून घेतली आणि भिंत चाचपत दाराकडे निघाला. मी चपला घालायला लागले.

"तू येऊ नकोस," तो म्हणाला.