गजावरची खूण

ठासणीच्या बंदुकीचा गज त्या दिवशी नळीत दोन बोटं जास्त खोल गेला. गर्दीची नजर अंगावर गोळी झेलायला उभ्या असलेल्या गोळीबाबांवर होती, माझी गजावर. बारूद आणि गोळी नीट ठासली, की गजावर कोरलेली खूण नळीच्या तोंडाशी येते. ही खूण माझ्या वडिलांनी कोरलेली. बंदूक त्यांनीच घडवलेली. आज खूण आत गडप झाली होती.

शिष्याने चाप ओढला. फुस्स झालं. गोळी बाबांच्या गादीसारख्या अंगरख्यावर आपटून पायाशी पडली. आवाजसुद्धा नमला, म्हणत शेजारच्या शिंपीणबाईंनी हात जोडले. गोळीबाबा सांगत होते, माझा मंतरलेला धागा दिसताच गोळीची गती गळते. तिथे मोतीबिंदूची काय कथा!

तसाच धागा वडिलांच्या मनगटावर होता. दीड वर्षं ते ऑपरेशन टाळत होते. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, आणखी थांबलात तर दिसायचं बंद होईल. घरी मी खुणेचं सांगितलं, तर म्हणाले, मास्तरीणबाई आता मला बंदूक शिकवणार.

"डोळ्यांना दिसत नसेल, तर अंगठ्याने बघा," मी म्हणाले.

पुढच्या प्रयोगाला मी त्यांना पुढे नेलं. खुद्द कारागीर आलेला, त्याला नाही कसं म्हणणार? वडिलांनी नळीतल्या गजावर अंगठा फिरवला. खूण लागेना. पुन्हा फिरवला.

"चिमूटभर बारूद घातलीय," ते म्हणाले. शिष्याचं बारूद मोजायचं माप त्यांनी हिसकावून घेतलं. तळाशी मेण थापलेलं होतं. वरून माप भरलेलं दिसे, आत मात्र चिमूटभरच मावे.

वडिलांनी मनगटावरचा धागा सोडून एका फळीला बांधला. शिष्याने भरलेली गोळी फळीवर झाडली, ती टक् करून खाली पडली. मग त्यांनी घरून आणलेल्या आपल्या मापाने बंदूक भरली. खूण नळीच्या तोंडाशी आली, बार झाला आणि गोळी धागा बांधलेल्या फळीतून आरपार. आता आपण उभे राहता का, असं त्यांनी नम्रपणे विचारलं, तेव्हा गोळीबाबांना अचानक मौनव्रत आठवलं.

मी लोकांना एवढंच सांगितलं: बारूद कमी तर वेग कमी, वेग निम्मा झाला तर मारा चौथाईच उरतो. यात धाग्याचं काही काम नाही. हात जोडण्याआधी एकदा माप उलटं करून बघा.

शिंपीणबाईंनी माप मागून घेतलं आणि नखाने मेण खरवडून पाहिलं.

परतताना वडील बराच वेळ रिकामं मनगट चोळत राहिले.

"स्वतः कोरलेली खूण मला दिसली नाही," ते म्हणाले. "डॉक्टरीणबाईंना कळव, सोमवारी येतो. ऑपरेशन करून घेतो."