एकाच घरातले दोन मीटर

ज्योत्स्नाच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. द्राक्षाचा हंगाम तोंडावर आलेला, घराच्या तिन्ही बाजूंना बाग, आणि तिची नऊ वर्षांची लेक वैष्णवी मधुमेहाची. पोरीनं चोरून घड तोडला तर? मला कसं ठाऊक, म्हणाल. मी ज्योत्स्नाच्या उशाशीच असतो. मी वैष्णवीचा ग्लुकोमीटर बोलतोय.

माझं येणं कुणालाच आवडलं नाही. वैष्णवी सारखी पाणी पिऊ लागली, वाळत गेली, एकदा वर्गातच झोपली, तेव्हा तिला नाशिकला नेलं. हा म्हाताऱ्यांचा आजार, असं ज्योत्स्ना धरून चालली होती. दवाखान्यात बघते तो आजोबांच्या शेजारी दप्तरवाली पोरंही बसलेली. अशी पोरं आता वाढलीत, डॉक्टर म्हणाले. वैष्णवीचा प्रकार गोड खाल्ल्यानं होत नाही, हेही त्यांनी सांगितलं. आमच्या गावातल्या, सायखेड्यातल्या बायका मात्र म्हणाल्या, द्राक्षांत वाढवली, दुसरं काय होणार. ज्योत्स्ना बीएस्सी झालेली, तरी तिला खरं वाटायचं ते बायकांचंच.

माझं दुखणं वेगळं. या घरात आणखी एक मीटर आहे. वैष्णवीच्या बापाचा, धनराजचा, ब्रिक्सचा मीटर. द्राक्षाच्या रसाचा थेंब काचेवर ठेवायचा, उजेडाकडे धरून नळीतून बघायचं, की गोडी किती भरली ते कळतं. साखर तोही मोजतो, साखर मीही मोजतो. त्याचा आकडा चढला की घरात चहा होतो, व्यापाऱ्याला फोन जातो. माझा चढला की ज्योत्स्नाला घास उतरत नाही. त्याला मऊ कापडानं पुसून डबीत निजवतात. मला बघितलं की पोर हात पाठीमागं नेते. जळतो मी. का जळू नये?

एका बाबतीत मात्र मी वरचढ होतो. त्याचा आकडा बघूनही धनराज द्राक्षाचा एक मणी तोंडात टाकून खात्री करतो. ज्योत्स्नाचा माझ्यावर डोळे झाकून विश्वास.

परवा वैष्णवी बागेतून आली. जेवणाआधी ज्योत्स्नानं तिचं बोट टोचलं, थेंब पट्टीला लावला. मी दाखवलं, तीनशे ऐंशी.

"खाल्लीस ना?"

"नाही."

"खोटं नको बोलू, वैशू."

पोर आणखी काहीतरी सांगत होती, बागेतलं, बाबांचं. ज्योत्स्ना माझ्याकडेच बघत होती. लपवू कशाला, मला गोड वाटलं. तिनं इन्सुलिनच्या पेनवर जास्तीचा डोस फिरवला.

तेवढ्यात धनराज नळी पुसत आत आला. "गोडी सतरा आली आज. सगळे मणी वैशूनंच पिळून दिले. एक बी तोंडात टाकला नाय पोरीनं."

ज्योत्स्नाचा हात जागीच थांबला. तिनं लेकीची बोटं चाचपली, चिकट होती. साबणानं हात धुऊन, पुसून तिनं दुसरं बोट टोचलं. एकशे अठरा. मी खोटं बोललो नव्हतो. बोटावरचा रस मी रक्तासकट वाचला होता. पण तो डोस गेला असता, तर साखर एकदम उतरून पोर जेवता जेवता कोसळली असती. ज्योत्स्नानं पेनवरचा जास्तीचा डोस उलटा फिरवला.

आता हात धुतल्याशिवाय मला कुणी हात लावत नाही. तसंच करत जा, एवढंच माझं मागणं.

त्या संध्याकाळी ज्योत्स्ना म्हणाली, "मणी पिळत होते, असं सांगायचंस ना गं."

वैष्णवीनं माझ्याकडे बघितलं. ती नजर मी ओळखली. त्या दुसऱ्या मीटरच्या डबीकडे मी तसाच बघतो.

"सांगितलं की," ती म्हणाली. "तू त्याच्याकडे बघत होतीस."